आबांना वांगं चालत नाही

मी जन्मलो तोच साठ वर्षांचा. हे गमतीनं म्हणत नाही. आमच्या घरात सगळे तसंच धरून चालले होते. माझे आजोबा बिराप्पा वारले आणि वर्ष भरायच्या आत मी झालो. त्यांच्या डाव्या कानामागं तीळ होता, तसा माझ्याही निघाला, एवढ्यावर काम भागलं. बारशाला दुसरं नाव कुणी सुचवलंच नाही. नाव बिराप्पा आणि हाक 'आबा'. सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून आईनं मला उभ्या जन्मात नावानं हाक मारली नाही. मी रांगत रांगत तिच्यापुढं गेलो तरी ती डोक्यावरचा पदर नीट करायची. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. ते गिरणीत विणकामाच्या साचेखात्यात जॉबर, म्हणजे मुकादम होते. दिवसभर खात्यातल्या माणसांवर डाफरून घरी येणारा हा माणूस माझ्याशी मात्र अहो-जाहो करायचा, आणि दसऱ्याला आपट्याचं सोनं देताना चक्क माझ्या पाया पडायचा. मी नाक ओढत, चड्डी सावरत उभा. पण त्यांच्या डोक्यावर हात ठेवून 'सुकी ऱ्हावा' एवढं मात्र ठसक्यात म्हणायचो. हे मला कुणी शिकवलं ते आठवत नाही, पण म्हणताना भारी वाटायचं हे पक्कं आठवतं.

सोलापुरात सात रस्त्याच्या अलीकडं एका चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. दिवस उजाडायचा तो गिरणीच्या भोंग्यानं. पहिला भोंगा झाला की दादा उठायचे, दुसऱ्याला तोंड धुवायचे आणि तिसऱ्याच्या आत पायात वहाणा घालून चालू लागायचे. भोंगे थांबले की बायजाआत्याचं जातं ऐकू यायचं, आणि जातं थांबलं की मागच्या गल्लीतल्या तेलुगू विणकरांच्या घरांतले हातमाग. खटाक खट, खटाक खट, ते दिवस मावळेपर्यंत. गावाकडचे पाहुणे या आवाजाला कंटाळायचे. मला मात्र माग बंद पडले की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. आईच्या आणि आत्याच्या हातची शेंगांची चटणी उखळात कांडताना तेल सुटायचं आणि त्याचा वास जिन्यापर्यंत जायचा. ती चटणी, ज्वारीची भाकरी आणि ताक. ताक मला पहिल्यांदा मिळायचं, कारण आबांना ताक लागायचं. भाकरीचा पापुद्रा मला, कारण आबांना पापुद्रा आवडायचा. धाकट्या चंदानं पापुद्र्याला हात लावला की तिच्या पाठीत धपाटा बसायचा आणि मी गंभीर चेहऱ्यानं खात राहायचो. लहान भावंडांवर अन्याय होतोय वगैरे विचार माझ्या मनाला शिवले नाहीत. आज चंदा पंचाहत्तरीला आली, अजून त्या पापुद्र्याचा विषय काढते.

या सगळ्याची सूत्रं बायजाआत्याकडं होती. दादांची ही थोरली बहीण. नवव्या वर्षी लग्न होऊन ती अक्कलकोटच्या पलीकडं सासरी गेली. तिथं तिचे हाल कुत्रं खाईना. नवरा गेल्यावर आमच्याकडं आली ती कायमची. येताना कानडी बोलणं तेवढं घेऊन आली. राग आला की कानडीत बडबडायची. तिला मूल नव्हतं आणि बापही नुकताच गेलेला. अशा वेळी मी तिच्या मांडीवर पडलो. तिनं मला मूल म्हणून वाढवलं की बाप म्हणून, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ती मला न्हाऊ घालायची, माझी नखं काढायची, आणि हे करताना 'आबा, जरा पाय फुडं करा की' असं म्हणायची. तिच्याकडं आबांची एक यादीच होती. आबा कमी बोलायचे. आबांना गाणं-बजावणं खपत नसे. आबा दुसऱ्याच्या दारात जेवत नसत. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, आबांना वांगं चालत नसे. त्यामुळं आमच्या घरात वांगं शिजतच नव्हतं. भोगीची भाजीसुद्धा बिनवांग्याची. सोलापुरात असं दुसरं घर मी पाहिलं नाही.

मग मी कसा वागणार? कमी बोलायचो. गल्लीत पोरं गाणी म्हणायला लागली की कपाळाला आठ्या घालायचो. शेजारच्या बायका मुद्दाम मला विचारायच्या, 'काय आबा, आमच्या गंगीचं लगीन जमंल का?' आणि मी हनुवटीवर हात फिरवून 'बगू' म्हणायचो. त्या तोंडाला पदर लावून हसायच्या. मला वाटायचं, मान देतायत. पुढं मी आयुष्यभर कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. माणसाचा 'मी' हा त्याच्या आधी दुसऱ्यांच्या तोंडात तयार होतो, हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहिलं. मुलं ते वहीत उतरून घेत. मला मात्र लिहिताना दरवेळी त्या गंगीच्या आईचा पदर दिसायचा आणि वर्गात हसू आवरावं लागायचं.

मी अकरा वर्षांचा असताना शाळेत एक नवे मास्तर आले. पुण्याहून ट्रेनिंग घेऊन नुकतेच परतलेले, काळी टोपी, आणि बगलेत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. मन कसं चालतं हे त्या पुस्तकात आहे, असं ते म्हणत. एका सोमवारी त्यांनी फळ्यावर एकच अक्षर लिहिलं: मी. म्हणाले, 'यावर एक पान लिहा. बापाचं नाव नको, जात नको, गाव नको. तू कसा आहेस ते लिही.' वर्ग हवालदिल झाला. पाठीमागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, 'मास्तर, ते सोडून काय ऱ्हायलं?' मी मात्र फटाफट लिहिलं. मी कमी बोलतो. मला गाणं खपत नाही. मला ताक लागतं. मला वांगं चालत नाही. मी दुसऱ्याच्या दारात जेवत नाही. पान भरलं आणि मी मान वर करून बसलो.

मास्तरांनी माझं पान वाचलं, मग माझ्याकडं पाहिलं, मग पुन्हा पान वाचलं. 'हे कुणाचं लिहिलंस रे?' मी म्हणालो, 'माझंच.' ते म्हणाले, 'हा तर साठ वर्षांचा म्हातारा झाला. यात तू कुठं आहेस?' वर्ग खदाखदा हसला. माझे कान तापले. मास्तरांनी मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, 'हे बघ, अहंकार तुझ्याकडं भरपूर आहे, पण तो दुसऱ्याचा उसना आणलेला दिसतोय. संक्रांतीनंतरच्या सोमवारी पुन्हा लिहून आण. एक तरी गोष्ट अशी लिही, की जी फक्त तुझी आहे.' आता या बोलण्याचा मला किती अर्थ लागला असेल? पण 'यात तू कुठं आहेस' हे मात्र आत जाऊन बसलं. घरी येऊन मी आरशात बघितलं. कानामागचा तीळ आरशात दिसत नाही हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

माझा एकुलता एक मित्र नरसू, मागच्या गल्लीतला. त्याचं घर म्हणजे एक माग आणि मागाच्या भोवती उरेल त्या जागेत सात माणसं. मी नेहमी दारात उभा राहून त्याला हाक मारायचो, कारण आबा दुसऱ्याच्या दारात जेवत नसत आणि त्या घरात गेलेला माणूस न जेवता सुटत नसे. त्या आठवड्यात मी आत गेलो. नरसूच्या आईनं मला बघितलं, ताट पुढं सरकवलं आणि म्हणाली, 'तिनु नायना, तिनु.' एवढं तेलुगू मला कळत होतं: खा बाळा, खा. भातावर काळपट, मऊ, तेलात निथळणारं काहीतरी होतं. मी दोन घास खाल्ले, तिसरा खाल्ला, मग नरसूला विचारलं, 'हे काय रं?' तो म्हणाला, 'वंकाया. वांगं.' माझा घास तोंडातच राहिला. आता काहीतरी होणार, पोटात कळ येणार, निदान उलटी तरी होणार, म्हणून मी वाट बघितली. काही झालं नाही. झालं ते एवढंच, की मी चौथा घास घेतला, आणि मग ताट चाटूनपुसून साफ केलं.

त्या दिवशी गल्लीतून परत येताना मी पळत आलो. आबा पळत नसत. मला वांगं आवडतं! घरातल्या कुणालाच हे ठाऊक नाही, म्हणजे हे माझं, फक्त माझं. पुढचे पंधरा दिवस मी नरसूकडं जवळजवळ रोज खाल्लं. त्याच्या आईला कौतुक, ती रोज वांगं करायची आणि नरसू मला शिव्या द्यायचा. पण घरी आलो की आत्या ताक घेऊन समोर बसायची आणि माझा जीव खाली-वर व्हायचा. मला मास्तरांना खरं लिहून द्यायचं होतं. पण लिहिलं की कधीतरी घरी कळणार. आणि कळलं की आत्याचा बाप दुसऱ्यांदा मरणार, तोही माझ्यामुळं. हे मी असंच, याच शब्दांत मनात म्हणायचो. माझ्यावर एवढा जीव असलेल्या बाईला 'मी तो नव्हे' हे कसं सांगायचं, याची मला अकराव्या वर्षी जेवढी भीती वाटली तेवढी पुढं कशाचीच वाटली नाही.

भोगीच्या दिवशी सकाळी दारात धुळाबा उभे राहिले. हे मोडनिंबकडचे, आबांचे सोबती. आमची मूळची मेंढरांची जात. आबा आणि धुळाबा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघायचे ते पावसाच्या तोंडावर परत यायचे. वर्षातले आठ महिने बाप रानात. त्यातून दादांना लहानपणीच मामाकडं गिरणीत धाडलेलं आणि आत्या सासरी. म्हणजे ज्या आबांच्या नावानं आमचं घर चालत होतं, ते आबा त्यांच्या पोरांनी बघितले ते पावसाळ्यापुरते. हा हिशेब त्या दिवसापर्यंत कुणी मांडला नव्हता. धुळाबा आता थकले होते, मेंढरामागं मुलं जात. ते संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत घोंगड्या विकायला आले होते. दादांनी मला पुढं केलं आणि अदबीनं म्हणाले, 'धुळाबा, हे आमचं आबा.' म्हाताऱ्यानं डोळे बारीक करून मला न्याहाळलं आणि पाठीवर असा रट्टा दिला की मी दोन पावलं पुढं गेलो. 'आन् मग काय रं बिरप्या!' घरात सगळे गारठले. आबांना कुणी बिरप्या म्हणत असेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. मला रट्टा लागला होता, पण खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

दुपारी पंगत बसली. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, आणि भोगीची भाजी: घेवडा, गाजर, पावटा, ओला हरभरा, तिळाचं कूट. धुळाबांनी भाजीत बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. 'बायजे, वांगं इसरलीस व्हय गं?'

'आमच्यात शिजत न्हाई, धुळाबा,' आत्या म्हणाली. 'आबास्नी चालत नव्हतं न्हवं.'

'कुनाला?'

'आबास्नी.'

'बिरप्याला?' धुळाबा असे हसले की त्यांना ठसका लागला आणि आईला पाण्याचा तांब्या घेऊन धावावं लागलं. 'आगं, तीस वरसं मी त्येच्यासंगं मेंढरं वळली. कुनाच्या रानात खतासाटनं मेंढरं बसवली की मालक इचारायचा, धान्याबिगर आनि काय देऊ? ह्यो म्हनायचा, वांगी द्या. आरात भाजायची, मीठ लावायचं, आन् सात-सात, आठ-आठ एकटा हानायचा. आन् खाऊन झालं की गानी! आम्हास्नी झोपू द्यायचा न्हाई बेणं!'

'गानी?' दादा म्हणाले. त्यांचा आवाज लहान मुलासारखा आला.

माझ्यानं राहवलं नाही. पंधरा दिवसांचं कोंडलेलं एका दमात बाहेर पडलं. 'मलाबी वांगं आवडतंय! लई आवडतंय! मी नरसूच्या घरी रोज खातोय!' म्हटलं, आता होऊन जाऊ दे काय व्हायचं ते. पण झालं भलतंच. दादांनी मांडीवर थाप मारली. 'बगा! म्या काय म्हनत हुतो? आबाच हायती ह्ये! न सांगता वांगं खाल्लं!' आईनं गडबडीनं पदर सारखा केला. आणि मी तसाच, हातात भाकरी घेऊन. जगात एकच गोष्ट माझी स्वतःची होती, आणि तीही म्हाताऱ्याची निघाली. मी आता रडणार होतो. आज हे आठवलं की हसून पोट दुखतं, पण त्या पाटावर बसलेल्या पोराला जन्मठेप झाल्यासारखं वाटत होतं.

आत्या मात्र माझ्याकडं बघतच नव्हती. 'मग घरी न्हाई का म्हनायचं?' तिनं विचारलं.

धुळाबांचं चावणं थांबलं. 'तुला ठावं न्हाई व्हय?' ते म्हणाले. 'पोरी, तू पंचमीला म्हायेरी याचीस. सासरी खायाला मिळंना, काडी झाल्याली. भांड्यात चार वांगी, आन् तुजा जीव वांग्यावर. त्यो मला म्हनायचा, धुळ्या, मला आवडतंय म्हनलं तर पोरगी हात आखडता घेती. म्हनून सांगून टाकलं, मला चालतच न्हाई. मग तू खायाचीस, आन् त्यो बगत बसायचा.'

आत्याचा जीव वांग्यावर होता, हे आम्हाला पहिल्यांदाच कळत होतं. बाप गेल्यावर, बापाला चालत नसे म्हणून तिनं ते सोडलं होतं. म्हणजे बापानं लेकीसाठी वांगं टाकलं आणि लेकीनं बापासाठी, आणि त्यात आम्ही सगळे बारा वर्षं बिनवांग्याची भोगी खात बसलो. आत्या उठली, आतल्या खोलीत गेली. नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग ती बाहेर आली ती पायात वहाणा घालूनच. डोळे लाल, पण चेहरा असा उजळलेला की मी तिला तसं कधी बघितलं नव्हतं.

'म्हादू,' ती दादांना म्हणाली, 'आता बास झालं. माजा बाप मला घावला. त्यो गात हुता, त्यो माज्यासाटनं लबाड बोलला. ह्ये पोरगं त्यो न्हवं. ह्येला सोडा आता.' आणि तडक मंडईत निघून गेली. धुळाबा म्हणाले, 'बायजाचं खरं हाय की. बिरप्या काळा हुता, ह्ये तर गोरं हाय.'

पदरात वांगी घेऊन ती परत आली. चुलीतल्या आरात खुपसली, साल काढली, मीठ आणि चटणी घातली. सगळं घर त्या वासानं भरलं. सवयीप्रमाणं मी पहिल्यांदा हात पुढं केला. फाडकन हातावर चापट बसली. 'थांब की मुडद्या! पाव्हन्याला वाडू दे आदी!' आयुष्यातली पहिली चापट. चंदा तर आनंदानं ओरडलीच. धुळाबांना वाढलं, दादांना, चंदाला, मग मला, भांड्याच्या तळाचं. आणि आत्यानं उभ्यानंच एक घास तोंडात टाकला, डोळे मिटले आणि कानडीत काहीतरी पुटपुटली. कानडीत ती रागावतानाच बोलायची असं आम्ही समजत होतो, पण तो राग नव्हता. त्या दुपारी धुळाबांकडून तिनं तिच्या बापाची एकेक गोष्ट काढून घेतली, आणि त्या आठवड्यात दुपारपाळी असूनही दादा गिरणीला निघायचं विसरून ऐकत बसले.

राहिलं मास्तरांचं पान. संक्रांत झाली, तिळगूळ संपला, रविवार आला. मी वही घेऊन बसलो आणि 'मी' एवढं लिहून थांबलो. मनातल्या मनात ताक खोडलं, गाणं खोडलं, वांगंही आता माझं एकट्याचं राहिलं नव्हतं. काही सुचेना. शेवटी आत्या दळत होती तिथं गेलो आणि विचारलं, 'आत्या, मी कसा हाय गं?'

जातं थांबलं. तिनं पीठ लागलेल्या हातानं माझी हनुवटी धरली, तोंड इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं, निरखून निरखून बघितलं.

'मला रं काय ठावं?' ती म्हणाली. 'आत्ता कुटं बगाया लागलीया मी तुला.'